एक संगणक, अनेक तबकड्या : हार्ड डिस्क जोडण्याचा सत्तर वर्षांचा इतिहास

#थ्रेड

संगणकाला एक बाह्य हार्ड डिस्क जोडली, तर बहुधा काहीच घडत नाही. पडद्यावर एक नवे चिन्ह उमटते, इतकेच. तिसरी-चौथी जोडू लागले की कुरबुरी सुरू होतात. एखादी डिस्क दिसतच नाही, एखादी टकटक आवाज करून गप्प होते, कालची ‘ई’ आज ‘एफ’ होऊन बसते. यातली प्रत्येक कुरबुर जुनी आहे. तिच्यामागे कंपन्यांचे कलह आहेत, न्यायालयीन खटले आहेत, आणि एका बोकडाचाही उल्लेख येतो.

आरंभ १९५६ चा. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली ‘रॅमॅक ३०५’ ही यंत्रणा त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झाली. तिच्यातील ‘३५०’ हे डिस्कचे एकक सुमारे टनभर वजनाचे होते. आत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि क्षमता होती ५० लाख अक्षरांची. आजच्या मोबाइलमधले एखाद-दुसरे छायाचित्र त्यात मावले असते. तरी ही जागा अपुरी पडू लागायला दोन वर्षेही लागली नाहीत. १९५८ मध्ये आयबीएमने रॅमॅकला दुसरे एकक जोडण्याची सोय दिली. ‘डिस्क भरली, आणखी एक जोडा’ ही मागणी हार्ड डिस्कच्या जवळजवळ बरोबरीनेच जन्मली आहे.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टम/३६०’ जाहीर केली आणि जोडणीला प्रथमच एक पद्धतशीर रूप आले. संगणक डिस्कशी थेट बोलत नसे. संगणकातून ‘चॅनल’ निघे, चॅनलला नियंत्रक जोडलेला असे आणि नियंत्रकाच्या हाताखाली अनेक डिस्क असत. एका चॅनलच्या जाडजूड केबलींवर आठ नियंत्रक माळेसारखे ओवता येत. माळेच्या शेवटच्या टोकाला एक ठोकळा बसवावा लागे. त्याचे नाव टर्मिनेटर. हा ठोकळा लक्षात ठेवावा. वीस वर्षांनी तो घरोघरच्या टेबलावर येऊन लोकांची झोप उडवणार आहे.

या काळातील सर्वांत शहाणी वस्तू म्हणजे १९६५ ची ‘२३१४’. एका लांबलचक कपाटात डिस्कचे नऊ खण होते; मात्र एका वेळी आठच कामावर, नववा राखीव. प्रत्येक खणावर क्रमांकाची एक सुटी खुंटी बसवलेली असे. तीन क्रमांकाचा खण बिघडला, तर चालक त्यातील तबकड्यांचा गठ्ठा उचलून राखीव खणात ठेवी आणि ‘३’ ची खुंटीही तिकडे खोवी. संगणकाला काही कळतच नसे. डिस्कची ओळख एक गोष्ट आणि ती बसलेली जागा दुसरी, हा विचार त्या प्लॅस्टिकच्या खुंटीत होता. पुढच्या पिढीतील अभियंत्यांना तो बराच काळ विसरावासा वाटला, आणि त्याची किंमत वापरकर्त्यांनी मोजली.

आता कलहाकडे. सिस्टम/३६० मधील जोडणीचे नियम निश्चित होते. म्हणजे ते नियम पाळणारी दुसऱ्या कुणाची डिस्कही तिथे चालणार हे ओघानेच आले. डिसेंबर १९६७ मध्ये सॅन होजे येथील आयबीएमचे बारा अभियंते एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची डिस्क-कंपनी काढली. उद्योगजगतात त्यांना ‘डर्टी डझन’ म्हणत. १९६८ मध्ये मेमोरेक्सने आयबीएमच्या ‘२३११’ च्या जागी जशीच्या तशी बसणारी डिस्क बाजारात आणली. संगणक आयबीएमचा, डिस्क दुसऱ्याची, आणि तीही स्वस्त.

आयबीएमचे उत्तर धूर्त होते. १९७० मध्ये ‘सिस्टम/३७०’ च्या मॉडेल १४५ साठी तिने नियंत्रक थेट संगणकाच्या पेटीतच घेतला. बाहेर उघडी असलेली जोडणीची जागाच आत गेली, आणि परक्या कंपन्यांना आपला प्लग कुठे खोवावा हा प्रश्न पडला. अशा डावपेचांविरुद्ध टेलेक्स कंपनी न्यायालयात गेली. १९७३ मध्ये खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूने कोट्यवधी डॉलरची भरपाई मंजूर केली. १९७५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकाल काहीही लागो, प्लग कोणत्या आकाराचा असावा हे ठरवणे म्हणजे बाजार कुणाचा हे ठरवणे, एवढे या खटल्याने उघड केले. आजही मोबाइलच्या चार्जरवरून सरकारे आणि कंपन्या भांडतात, ते काही नवे नव्हे.

या कथेतील पुढचे पात्र ॲलन शुगार्ट. आयबीएममध्ये अठरा वर्षे काढून १९६९ मध्ये ते मेमोरेक्समध्ये गेले आणि १९७३ मध्ये त्यांनी ‘शुगार्ट असोसिएट्स’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्यांना आपल्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. १९७९ मध्ये त्यांनी फिनिस कॉनर यांच्यासह नवी कंपनी काढली. तिलाही प्रथम शुगार्टचेच नाव दिले होते, ते लवकरच बदलून ‘सीगेट’ झाले. १९८० मधील तिची ‘एसटी-५०६’ ही सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क छोट्या संगणकांसाठी पायंडा पाडणारी ठरली.

एसटी-५०६ जोडायची म्हणजे दोन केबली लागत. आज्ञांची रुंद केबल सर्व डिस्कांना सामाईक, विदेची केबल प्रत्येकीला स्वतंत्र. डिस्क स्वतः निर्बुद्ध होती. कोणत्या पट्ट्यावर, कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूला जायचे, हे सारे संगणकातील कार्डाने सांगायचे. साहजिकच प्रत्येक नव्या आकाराच्या डिस्कची अंतर्रचना संगणकाला नव्याने शिकवावी लागे.

नेमका हाच प्रश्न जुन्या शुगार्ट असोसिएट्समध्ये लॅरी बाउचर यांनी सोडवला. गंमत अशी की, त्या जोडणीला ‘शुगार्ट’ हे नाव मिळाले तेव्हा शुगार्ट स्वतः कधीच निघून गेले होते. ‘सासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत अक्कल डिस्कच्या बाजूला दिली होती. संगणकाने फक्त म्हणायचे, “पाच हजारावा ठोकळा दे.” तो ठोकळा आत कुठे आहे, हे डिस्कने पाहायचे. यामुळे एकाच केबलवर निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या क्षमतेच्या डिस्क नांदू शकत होत्या.

शुगार्ट असोसिएट्स आणि एनसीआर या कंपन्यांनी ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेपुढे नेली. मानकाला एखाद्या कंपनीचे नाव नको म्हणून ‘सासी’चे अक्षर-संक्षेप बदलले. नव्या संक्षेपाचा उच्चार ‘सेक्सी’ असा व्हावा, अशी बाउचर यांची इच्छा होती. लोकांनी तो ‘स्कझी’ केला. इंग्रजीत हा उच्चार गलिच्छ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, आणि पुढील अनुभव पाहता लोकांचीच निवड योग्य म्हणावी लागेल. १९८६ मध्ये स्कझी अधिकृत मानक झाले.

त्याच वर्षी जानेवारीत ॲपलने ‘मॅकिंटॉश प्लस’ आणला. स्कझीचे पोर्ट असलेला हा पहिला मॅक. संगणकाच्या पाठीमागून एक केबल निघून पहिल्या डिस्कमध्ये जाई, तिच्यातून दुसरी केबल दुसऱ्या डिस्कमध्ये, अशी सात उपकरणांची माळ लागे. सामान्य माणसाच्या टेबलावर अनेक बाह्य डिस्क एकत्र नांदण्याचा काळ इथून सुरू होतो. मुद्रणालये, छोटे स्टुडिओ, जाहिरातसंस्था यांचे सारे काम या माळेवर चाले.

सातच का? स्कझीत प्रत्येक उपकरणाला ० ते ७ यांपैकी एक क्रमांक हवा. सात हा संगणकाचा, उरले सात. हा क्रमांक उपकरणाच्या मागील लहानशा चाकाने किंवा बटणाने माणसाने स्वतः लावायचा. दोन डिस्कांचा क्रमांक चुकून एकच झाला की दोघीही एकदम उत्तर देत आणि संगणक गोंधळून जाई. काही उपकरणे तर निवडीचे स्वातंत्र्यही देत नसत. आयोमेगाच्या स्कझी ‘झिप’ ड्राइव्हवर ५ आणि ६ एवढेच दोन पर्याय होते. क्रमांकाला मानही होता. केबल एक आणि बोलू पाहणारे अनेक. दोघांनी एकाच वेळी हात वर केला, तर मोठ्या क्रमांकाला आधी संधी.

आणि मग तो ठोकळा. विहिरीत हाक मारली की आवाज तळावर आपटून परत येतो. केबलमधून जाणारा विद्युत संकेतही टोकाला पोहोचला की तसाच उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संकेतात मिसळतो. टर्मिनेटरमधील रोधक हा संकेत टोकालाच शोषून घेतात. म्हणून नियम असा, की माळेच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा आणि मधे कुठेही नको. ऐकायला सोपे, पण काही डिस्कांच्या पोटात टर्मिनेटर आधीच बसवलेला असे आणि तो बाहेरून दिसत नसे. अशी डिस्क माळेच्या मध्यभागी आली की सारे बिघडे. सर्व केबलींची मिळून लांबी सहा मीटरच्या आत ठेवावी लागे ती वेगळीच.

सर्वांत वाईट म्हणजे हा दोष नेहमी स्वच्छपणे प्रकट होत नसे. नियम मोडलेली माळ कित्येकदा चालायची आणि नियम पाळलेली अडून बसायची. केबलींचा क्रम बदला, एखादी केबल आखूड करा, आधी डिस्क सुरू करून मग संगणक सुरू करा, असे तोडगे तोंडोतोंडी पसरले. स्कझीची माळ नीट चालावी म्हणून अधूनमधून बोकडाचा बळी द्यावा लागतो, हा विनोद त्या काळातील तंत्रज्ञांत इतका रूढ होता की आजही जुने जाणते तो सांगतात. विनोदामागचे दुःख खरे होते. लिहिताना माळ अडखळली, तर नुकसान एका डिस्कपुरते राहीलच असे नसे.

डिस्कांची संख्या वाढली की धोका किती वाढतो, याचे उत्तर एव्हाना गणिताने दिले होते. १९८८ मध्ये बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ या संकल्पनेचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आयबीएमच्या ७५०० मेगाबाइटच्या अवाढव्य ‘३३८०’ ऐवजी कॉनरच्या १०० मेगाबाइटच्या स्वस्त डिस्क शेकड्याने जोडल्या तर काय, असा त्यांचा प्रश्न होता. वेग मिळतो, पैसा वाचतो. पण एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर शंभर डिस्कांच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत येतो. दोन आठवडेही नाहीत! म्हणून त्यांनी काही डिस्क केवळ इतरांच्या विमा म्हणून ठेवण्याचा मार्ग सुचवला. घरी चार डिस्कांवर चार वेगवेगळ्या गोष्टी ठेवून ‘सगळे सुरक्षित आहे’ असे मानणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. चार डिस्क म्हणजे चारपट सुरक्षितता नव्हे. त्यांवर एकाच गोष्टीच्या प्रती असल्या तरच काही सुरक्षितता.

जोडणी झाली, आता नावे. पीसीवरील ‘ए, बी, सी’ ही अक्षरे मायक्रोसॉफ्टची कल्पना नव्हे. १९६० च्या दशकातील आयबीएमच्या ‘सीपी/सीएमएस’ प्रणालीत ती होती. तिथून ती गॅरी किल्डॉल यांच्या ‘सीपी/एम’ मध्ये आली आणि पुढे डॉसमध्ये. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखीव, म्हणून मार्च १९८३ मध्ये ‘पीसी एक्सटी’तून १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली तेव्हा तिला ‘सी’ मिळाले. फ्लॉपी नामशेष झाली, तरी सी आपल्या जागेवरून हललेली नाही.

या पद्धतीची खोड अशी की, डॉस दर वेळी अक्षरे नव्याने वाटत असे, आणि तेही प्रत्येक डिस्कच्या मुख्य भागाला आधी. एका डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग असताना दुसरी डिस्क जोडली, की पाहुणी डी होई आणि जुना डी मुकाट्याने ई. डी वर स्थापित केलेले प्रोग्रॅम आपलेच घर शोधत बसत. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि संशोधक रुमालाच्या क्रमांकाने संदर्भ देतात. फडताळात एक नवा रुमाल आला म्हणून पुढच्या सगळ्यांचे क्रमांक बदलले, तर छापलेल्या तळटीपांचे काय होईल? डॉसने नेमके तेच केले.

युनिक्सकर्त्यांनी वेगळी वाट धरली होती. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांच्या १९७४ च्या निबंधात बेल लॅब्समधील मांडणी दिलेली आहे. मूळ वृक्ष एका डिस्कवर, वापरकर्त्यांच्या फाइली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, आणि आणखी चार लहान डिस्क लोकांनी आपापले गठ्ठे आणून लावण्यासाठी. नवी डिस्क आली की तिला अक्षर मिळत नसे. वृक्षाच्या एखाद्या फांदीवर तिचे कलम केले जाई. वाट तीच राहते, मुळाशी डिस्क कोणती हे वापरकर्त्याला ठाऊकही नसते. हा उपाय अधिक सुबक होता यात शंका नाही.

अखेर २३१४ ची खुंटी परत आली, पण अदृश्य होऊन. विंडोज २००० पासून प्रणाली डिस्कवर लिहिलेली खूण वाचून तिचे अक्षर लक्षात ठेवू लागली; लिनक्समध्येही जोडणीच्या क्रमावर न विसंबता डिस्कवरील दीर्घ ओळख-क्रमांकाचा आधार घेता येतो. मात्र एका डिस्कची हुबेहूब प्रत करून दोन्ही एकाच वेळी जोडल्या, तर खूणही दोघींची एकच निघते आणि विंडोज त्यांतील एकीला बाजूला बसवते. अशा वेळी डिस्क बिघडली असे समजून ती पुसून टाकणारे कमी नाहीत.

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेल, कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट, एनईसी, नॉर्टेल, डेक आणि (हो, पुन्हा तीच) आयबीएम अशा सात कंपन्यांचे हे संयुक्त काम. इंटेलच्या बाजूने त्यात अग्रभागी असलेले अजय भट्ट यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. ऑगस्ट १९९८ मध्ये विक्रीस आलेल्या आयमॅकमधून ॲपलने स्कझी काढूनच टाकले आणि यूएसबी घरोघर पोहोचले.

यूएसबीने माळ मोडली आणि वृक्ष लावला. मुळाशी संगणक, मधे हब, टोकाला उपकरणे. क्रमांक माणसाने लावायचा नाही. नवे उपकरण आले की ते प्रथम शून्य क्रमांकावर उत्तर देते. मग संगणक त्याला १ ते १२७ मधला एखादा मोकळा क्रमांक देतो. वर्गात आलेल्या नव्या मुलाला गुरुजींनी हजेरीपटावर क्रमांक द्यावा, तसे. आणि गुरुजींनी विचारल्याखेरीज कुणी बोलायचे नाही, हाही नियम. स्कझीतील हात वर करण्याची धांदल संपली. केबलच्या दोन टोकांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवले, म्हणजे कुणी चुकूनही वर्तुळ जोडू नये. टर्मिनेटर प्रत्येक जोडणीच्या आतच गेला, बोकड वाचला.

वेगाची बाजू मात्र दयनीय होती. सेकंदाला १२ मेगाबिट या कागदावरील वेगानेही ४ गिगाबाइटची डिस्क रिकामी करायला पाऊण तास लागे. एप्रिल २००० मधील यूएसबी २.० ने हा वेग ४८० वर नेला, तेव्हा कुठे बाह्य डिस्कसाठी तो कामाचा झाला. पण हा वेग वृक्षाच्या प्रत्येक फांदीला स्वतंत्र मिळत नाही. एकाच हबवरच्या दोन डिस्कांमध्ये फाइली हलवायच्या, तर विदा आधी संगणकात वर येते आणि त्याच अरुंद वाटेने पुन्हा खाली जाते.

कागदावर १२७ उपकरणे चालतात. प्रत्यक्षात चौथी डिस्क टकटक करते. कारण वीज. यूएसबी २.० च्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी होती, आणि त्यासाठीही उपकरणाने आधी आपली गरज जाहीर करायची. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबला संगणकाकडून तेच ५०० मिळतात. त्यातून तो चार पोर्टांना शंभर-शंभर वाटतो. अडीच इंची डिस्कला तबकडी स्थिरावस्थेतून फिरवायला क्षणभर याहून कितीतरी जास्त लागते. तबकडी फिरू लागते, दाब पडतो, डिस्क हेड मागे घेते, पुन्हा प्रयत्न करते. ती टकटक म्हणजे बहुधा उपाशी डिस्कची धडपड असते. त्या काळात दोन तोंडांच्या केबली मिळत, त्या याचसाठी. २००८ च्या यूएसबी ३.० ने मर्यादा ९०० वर नेली. तरीही तीन-चार डिस्क एकत्र लावायच्या, तर स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा हब हाच उपाय आजही खरा.

माळेची कल्पना पुरती मेली नाही. फायरवायरने ६३ उपकरणांपर्यंत ती जिवंत ठेवली, आणि २०११ मध्ये थंडरबोल्टने सहा उपकरणांची नवी माळ आणली, या खेपेस टर्मिनेटरविना.

त्याच २०११ मध्ये थायलंडला महापुराने वेढले. जगातील हार्ड डिस्कचा फार मोठा वाटा तिथे बनत असे. ऑक्टोबरमध्ये बांग पा-इन येथील वेस्टर्न डिजिटलच्या कारखान्यात पाणी शिरले. सुट्या डिस्कांच्या किमती भडकल्या, पण दुकानांतील बाह्य डिस्कांच्या किमती तेवढ्या वाढल्या नव्हत्या. कॅलिफोर्नियातील बॅकब्लेझ ही कंपनी लोकांच्या संगणकांच्या प्रती साठवण्याचे काम करते; तिला रोज नव्या डिस्क लागत. तिचे कर्मचारी, त्यांचे नातलग आणि मित्र दुकानोदुकानी फिरून बाह्य डिस्क विकत घेऊ लागले. दुकानांनी ग्राहकामागे दोनच नग अशी मर्यादा घातली, तेव्हा ते पुढच्या गावातील दुकानात गेले.

घरी आणलेल्या प्रत्येक डिस्कचे प्लॅस्टिकचे वेष्टन फोडून आतली डिस्क काढली जाई आणि ४५ डिस्क मावणाऱ्या एका लाल पेटीत ती थेट खोवली जाई. मागे ढीग उरे तो रिकाम्या वेष्टनांचा, अडॅप्टरांचा आणि कधीही न वापरलेल्या यूएसबी केबलींचा.